विश्लेषण: दारात चारचाकी म्हणजे घर श्रीमंत? वेळापूरच्या रस्त्यावरून गाडीचा खरा हिशेब

शंभरातल्या किती घरांकडे गाडी आहे? ती कोण घेतंय, कशासाठी घेतंय आणि सरकार ती कशी मोजतंय? समजून घेऊया.

वेळापूरच्या चौकात पाच मिनिटं उभं राहिलं तरी वाटतं, आता गावात घरोघरी गाडी आली. अकलूजकडून सांगोल्याकडे जाणारी वाहतूक, पुण्याहून पंढरपूरकडे जाणारी वाहतूक, मध्येच उसाच्या ट्रॉल्या आणि त्यातून वाट काढणाऱ्या पांढऱ्या चारचाकी. कुणाच्या काचेवर ‘माउली’, कुणाच्या काचेवर मुलाचं नाव. लग्नसराईत मंगल कार्यालयाबाहेर तर गाडी लावायला जागा मिळत नाही. मग कट्ट्यावर ठरलेलं वाक्य ऐकू येतं: लोकांकडे पैसा आलाय.

आला असेलही. पण रस्त्यावर दिसणाऱ्या गाड्या आणि घरांकडे असणाऱ्या गाड्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक आता फक्त आकडेवारीत रस असणाऱ्यांपुरता राहिलेला नाही. दारात चारचाकी आहे की नाही, यावर महिन्याचे दीड हजार रुपये मिळणार की नाही, घरकुल मिळणार की नाही, रेशनकार्ड कोणत्या रंगाचं असणार, हे ठरतं. म्हणून हा हिशेब एकदा नीट मांडायला हवा.

शंभरातल्या किती घरांकडे गाडी?

देशाचे आकडे आधी पाहू. जनगणनेत घरात कार, जीप किंवा व्हॅन आहे का, असा प्रश्न असतो.

• २००१ ची जनगणना: शंभरातल्या २.५ घरांकडे
• २०११ ची जनगणना: ४.७ घरांकडे (शहरात ९.७, ग्रामीण भागात २.३)

त्यानंतर जनगणना झालीच नाही. २०२१ ची करोनामुळे लांबली ती लांबलीच. त्यामुळे पुढचं चित्र राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून घ्यावं लागतं. हे सर्वेक्षण निवडक घरांचं असतं, सगळ्या घरांचं नाही. तरी दिशा कळायला ते पुरेसं आहे.

• २००५-०६: २.७ टक्के घरांकडे कार
• २०१५-१६: ६ टक्के
• २०१९-२१: ७.५ टक्के (शहरात १३.८, ग्रामीण भागात ४.४)

महाराष्ट्राचा २०१९-२१ चा आकडा ८.७ टक्के आहे. म्हणजे शंभरातल्या साधारण नऊ घरांकडे कार आणि एक्क्याण्णव घरांकडे नाही. यात मुंबई-पुणे धरलेलं आहे. शेजारच्या गोव्यात हेच प्रमाण सुमारे ४५ टक्के, केरळमध्ये सुमारे २४ टक्के, तर बिहारमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आहे.

तुलनेसाठी ब्रिटनकडे पाहू. तिथे १९५१ मध्ये शंभरातल्या १४ घरांकडे कार होती. महायुद्धातून नुकत्याच सावरणाऱ्या, रेशनिंग चालू असलेल्या त्या देशापेक्षा आपलं आजचं प्रमाण कमी आहे. त्यामुळे ‘घरोघरी गाडी’ हे वाक्य बोलायला ठीक आहे, पण ते खरं नाही.

मग रस्त्यावर एवढ्या गाड्या दिसतात कशा?

याची तीन कारणं आहेत.

पहिलं, गाडी मोजण्याची आणि घर मोजण्याची पट्टी वेगळी आहे. दहा गाड्या दहा घरांच्या असू शकतात, तशा सहा घरांच्याही असू शकतात. ज्याच्याकडे एक आहे, त्याच्याकडे दुसरी येण्याची शक्यता जास्त असते. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात सुमारे ४३ लाख नव्या प्रवासी गाड्या विकल्या गेल्या. त्यात जवळपास दोन तृतीयांश वाटा एसयूव्ही आणि तत्सम मोठ्या गाड्यांचा होता. म्हणजे नव्या गाडीच्या बाजारात पहिल्यांदा गाडी घेणाऱ्या साध्या घरापेक्षा, आधीची विकून मोठी घेणाऱ्या घराचा जोर वाढलाय.

दुसरं, वेळापूरचा रस्ता वेळापूरकरांपुरता नाही. संत ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ९६५, इथूनच जातो. आठ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी या मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी केली. रस्ता रुंद झाला की त्यावरून जाणाऱ्या गाड्या वाढतात. त्या पुण्याच्या असतात, साताऱ्याच्या असतात. त्यांच्यावरून गावाची श्रीमंती मोजता येत नाही.

तिसरं कारण नंबर प्लेटवर आहे. माळशिरस तालुक्यातली गाडी अकलूजच्या कार्यालयात नोंदवली की तिला एमएच-४५ मिळतो. पण गावात उभ्या असलेल्या गाड्यांत एमएच-१२ आणि एमएच-१४ सुद्धा सहज दिसतात. त्यातल्या काही पुण्याहून जुन्या विकत आणलेल्या असतात. राज्यातल्या राज्यात मालक बदलला तरी नंबर तोच राहतो. बाकीच्या चाकण, हिंजवडी, भोसरीत नोकरी करणाऱ्या मुलांच्या असतात. त्या दिवाळीत, आषाढीत, सुट्टीत गावी येतात. म्हणजे गाडी नोंदवलेली एकीकडे, मालक राहतो दुसरीकडे आणि वापरणारं घर तिसरंच. परिवहन विभागाच्या नोंदीत गाड्या मोजता येतात, पण कोणत्या घराला चाकं आहेत, हे त्यातून पूर्ण कळत नाही.

गाडी गावात आली कशी?

देशाच्या मोटार उद्योगाचा एक धागा सोलापूरशीच जोडलेला आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापुरात झाला. त्यांनी उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट आणि मग प्रीमियर पद्मिनी बाहेर पडली. पण ज्या जिल्ह्याच्या माणसाने कारखाना काढला, त्या जिल्ह्यातल्या सामान्य घरात गाडी यायला आणखी अर्धं शतक जावं लागलं.

कारण तो परवान्यांचा काळ होता. गाडी नोंदवायची आणि वर्षानुवर्षं थांबायचं. ग्रामीण भागात चारचाकी म्हणजे डॉक्टरांची फियाट, साखर कारखान्याची जीप किंवा सरकारी अ‍ॅम्बेसेडर. ‘चारचाकीतून फिरणारा माणूस’ म्हणजे मोठा माणूस, ही आपल्या डोक्यातली व्याख्या त्या काळातली आहे.

मग डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. किंमत साधारण पन्नास हजारांच्या आसपास. तीही तेव्हा लहान रक्कम नव्हती, पण पगारदार माणूस स्वप्न पाहू शकेल इतपत होती. १९९३ मध्ये कार उद्योगावरचं परवान्याचं बंधन उठलं. १९९४ मध्ये टाटा सुमो, १९९८ मध्ये इंडिका, २००० मध्ये बोलेरो. शेवटच्या दोन गाड्या महाराष्ट्रात तयार झालेल्या, पुण्यात आणि नाशिकमध्ये. २००९ मध्ये ‘लाखाची गाडी’ म्हणून नॅनो बाजारात आली आणि २०१८ मध्ये थांबली.

नॅनोचं अपयश समजून घेण्यासारखं आहे. दुचाकीवर चौघं बसणाऱ्या कुटुंबासाठी ती बनवली होती. पण गाडी घेताना कुटुंब फक्त छत विकत घेत नाही, पत विकत घेतं. ‘सगळ्यात स्वस्त’ हे बिरुद पत देत नाही. त्याऐवजी लोकांनी त्याच पैशात जुनी, पण ‘मोठ्या कंपनीची, मोठ्या मॉडेलची’ गाडी घेणं पसंत केलं. आजही देशात नव्यापेक्षा जुन्या गाड्यांचे व्यवहार जास्त होतात.

आपल्या भागात मात्र मारुती आणि नॅनोपेक्षा महत्त्वाची गाडी वेगळीच होती: वडाप. ट्रॅक्स, कमांडर, जीप. दहाची गाडी, अठरा माणसं. मालकी एका घराची, वापर पन्नास घरांचा. कोणत्याही सर्वेक्षणात ही गाडी ‘एका घराची’ म्हणूनच मोजली गेली.

खरी क्रांती चार चाकांची की दोन?

माझ्या मते गेल्या वीस-पंचवीस वर्षांत गाव बदललं ते दुचाकीने. २००१ च्या जनगणनेत ११.७ टक्के घरांकडे स्कूटर किंवा मोटारसायकल होती. २०११ मध्ये २१ टक्के. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात ४९.७ टक्के. म्हणजे जवळपास निम्मी घरं.

वेळापुरातून अकलूजला भाजी, औषध, शाळा, बँक, यासाठी जायचं तर दहा-बारा किलोमीटर. हे अंतर दुचाकीचं आहे. दुधाची किटली, खताची पिशवी, दोन मुलं हे सगळं तीच वाहते. त्यामुळे ‘वाहन’ या अर्थाने घर चालवणारी वस्तू अजूनही दुचाकीच आहे. चारचाकी लागते ती वेगळ्या कामांना: म्हाताऱ्या माणसाला सोलापूर-पुण्याच्या दवाखान्यात न्यायला, लग्नाला, देवाला, मुलीला वसतिगृहात सोडायला आणि रात्री-अपरात्री.

सरकारलाही हे थोडं उशिरा का होईना पटलंय. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलासाठी आधी घरात दुचाकी असली तरी कुटुंब अपात्र ठरायचं. २०२४ मध्ये ही अट काढली. दुचाकी आता श्रीमंतीची खूण नाही, हे मान्य झालं. प्रश्न असा, की चारचाकीचं काय?

चारचाकीने नेमकं काय काय अडतं?

तीन योजना, तीन पट्ट्या. बारकाईने वाचा.

• मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना: लाभार्थी महिलेच्या किंवा कुटुंबातल्या कुणाच्या नावावर चारचाकी नोंदलेली असेल तर अपात्र. ट्रॅक्टरला सूट.
• केशरी रेशनकार्ड: कुटुंबात चारचाकी यांत्रिक वाहन नसावं. टॅक्सीचालकाला सूट.
• ग्रामीण घरकुल: तीनचाकी किंवा चारचाकी मोटार वाहन असेल तर अपात्र. इथे यांत्रिक तीन-चारचाकी शेतीअवजारही अडतं.

म्हणजे एकाच घरातला ट्रॅक्टर एका योजनेत चालतो, दुसरीत चालत नाही. एकाच माणसाची टॅक्सी एका ठिकाणी पोटापाण्याचं साधन ठरते, तर दुसऱ्या ठिकाणी श्रीमंतीचा पुरावा. आणि बारा-चौदा वर्षं जुनी, लाख-दीड लाखाला घेतलेली अल्टो आणि शोरूममधून कालच आणलेली वीस लाखांची एसयूव्ही, या दोन्ही तिन्ही नियमांना सारख्याच दिसतात.

लाडकी बहीण योजनेत २०२५ मध्ये परिवहन विभागाच्या नोंदी आणि अंगणवाडी सेविकांमार्फत चारचाकीची पडताळणी सुरू झाली. योजनेत ‘कुटुंब’ म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुलं. आता आपल्याकडच्या एकत्र कुटुंबात गाडी सासऱ्यांच्या नावावर, हप्ता थोरला भरतो, चालवतो धाकटा आणि दवाखान्याला जाते ती सगळ्यांची. ही गाडी कुणाची? कागद एक सांगतो, अंगण दुसरं सांगतं. मग गाडी कुणाच्या नावावर घ्यायची, हे गरजेवरून न ठरता योजनेच्या अटीवरून ठरवलं जाऊ लागतं.

पण अट ठेवण्यामागे काहीच तर्क नाही का?

आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. ग्रामीण भागात उत्पन्न मोजणं अवघड आहे. शेतीचं उत्पन्न करमुक्त, व्यवहार बरेचसे रोखीत आणि उत्पन्नाचा दाखला कसा निघतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. गाडी मात्र लपत नाही. तिचा नंबर असतो, नोंद असते. म्हणून अधिकाऱ्याला ती सोपी खूण वाटते. खरोखर सधन घरांनी दीड हजार रुपये घेऊ नयेत, यालाही माझा पूर्ण पाठिंबा आहे. तो पैसा शेवटी आपल्या सगळ्यांचाच असतो.

माझा आक्षेप खुणेला नाही, तिच्या ढोबळपणाला आहे. अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत पहिल्याच वर्षी एक गोष्ट सांगतात: जे मोजायचं त्याला साजेसं उपकरण घ्या, जाडीसाठी फूटपट्टी लावू नका. चारचाकी ‘आहे’ किंवा ‘नाही’ ही फूटपट्टी आहे.

बारीक मोजण्याचं साधन सरकारकडे आधीच आहे. प्रत्येक गाडीच्या नोंदीत तिच्या निर्मितीचा महिना-वर्ष, इंधन, इंजिनाची क्षमता आणि वापर खासगी की व्यावसायिक हे असतं. महाराष्ट्रात एकरकमी वाहनकर गाडीच्या किमतीवर लागतो. वैयक्तिक पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, त्यापुढे १२ आणि १३ टक्के. म्हणजे नवी असताना गाडी किती किमतीची होती, हेही सरकारला माहीत असतं. मग अट अशी का नको: व्यावसायिक टॅक्सी वगळा, दहा वर्षांपेक्षा जुनी छोटी गाडी वगळा आणि विशिष्ट किमतीच्या वरच्या गाडीलाच श्रीमंतीची खूण माना? यासाठी नवा सर्व्हे नको की अंगणवाडी सेविकेला दारोदार पाठवायला नको. कॉम्प्युटरवर दोन अटी वाढवायच्या आहेत.

गाडी परवडते म्हणजे नेमकं किती?

आता स्वतःच्या खिशाचा हिशेब. खालची उदाहरणं समजण्यासाठी धरलेली आहेत. तुमचे आकडे टाकून पाहा.

समजा, नवी छोटी पेट्रोल गाडी घेतली. कर्ज सहा लाख, व्याज साडेनऊ टक्के, मुदत सात वर्षं.

• महिन्याचा हप्ता: सुमारे ९,८०० रुपये
• विमा (वर्षाला १५ हजार धरून): १,२५०
• सर्व्हिसिंग, टायर (वर्षाला १६ हजार धरून): सुमारे १,३३०
• म्हणजे गाडी जागेवर उभी असली तरी महिन्याला सुमारे १२,४०० रुपये
• पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि १८ चा अ‍ॅव्हरेज धरला तर किलोमीटरला ५ रुपये ८० पैसे वेगळे

आता महिन्याला ३०० किलोमीटर फिरलात तर खर्च सुमारे १४,१०० रुपये, म्हणजे किलोमीटरला ४७ रुपये. ८०० किलोमीटर फिरलात तर किलोमीटरला २१ रुपये. भाड्याची गाडी १५ रुपये किलोमीटरने मिळते असं धरलं, तर स्वतःची नवी गाडी परवडायला महिन्याला साधारण साडेतेराशे किलोमीटर फिरावं लागेल. म्हणजे महिन्यातून सहा वेळा सोलापूरला जाऊन येण्याइतकं.

जुनी गाडी घेतली तर? कर्ज अडीच लाख, व्याज १४ टक्के, मुदत पाच वर्षं: हप्ता सुमारे ५,८०० रुपये. विमा आणि जास्तीची दुरुस्ती धरून उभ्या गाडीचा खर्च साडेआठ हजारांच्या घरात. इथेही बरोबरी व्हायला हजारेक किलोमीटर लागतात.

गेल्या वर्षी एक दिलासा मिळाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि उपकर गेला. पाच लाख मूळ किमतीच्या छोट्या पेट्रोल गाडीवर यामुळे साधारण ५५ हजार रुपये वाचतात. ही रक्कम चांगलीच आहे. पण वरच्या हिशेबात ती वर्षभराच्या पेट्रोललाच जाते. गाडी घेणं स्वस्त झालं, ठेवणं नाही.

उसाचा पैसा वर्षातून एकदा, हप्ता दर महिन्याला

आपल्या तालुक्याला लागू होणारी खरी अडचण इथे आहे. ऊस हे नगदी पीक, पण नगद वर्षातून एका हंगामात येतं. २०२५-२६ च्या हंगामासाठी उसाचा रास्त आणि किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये आहे. त्यातून तोडणी-वाहतूक जाते. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असं कायदा सांगतो. पण बिल कधी, किती टप्प्यांत निघतं यावर दर हंगामात आंदोलनं होतात, ती उगाच नाहीत.

आणि गाडीचा हप्ता? तो पाच तारखेला खात्यातून कापला जातो. जूनमध्ये, जुलैमध्ये, ऊस अजून शेतात उभा असतानाही. खात्यात पैसे नसले तर हप्ता परत जातो, दंड लागतो आणि पतगुणांक खाली येतो. त्याचा फटका पुढच्या पीककर्जाला बसू शकतो. ट्रॅक्टरच्या कर्जाला बँका सहामाही हप्ता देतात, कारण शेतकऱ्याचा पैसा कधी येतो हे त्यांना माहीत आहे. मग त्याच शेतकऱ्याने गाडी घेतली की तो अचानक महिन्याच्या पगारावरचा माणूस कसा होतो? शेतकरी कुटुंबाच्या वाहनकर्जाला हंगामी हप्त्याचा पर्याय असावा, ही मागणी जिल्हा बँकेपासून राष्ट्रीयीकृत बँकेपर्यंत प्रत्येक ठिकाणी लावून धरण्यासारखी आहे.

हिशेबात तोटा, तरी लोक गाडी का घेतात?

सोपं उत्तर आहे: प्रतिष्ठा. लग्नाच्या बाजारात मुलाच्या माहितीपत्रात गाडीचा उल्लेख असतोच. पण एवढ्यावर थांबणं म्हणजे गावाला हिणवणं झालं.

दुसरं उत्तर जास्त महत्त्वाचं आहे: भरवसा. किलोमीटरच्या हिशेबात रात्री दोन वाजता छातीत दुखू लागलेल्या वडिलांची किंमत धरलेली नाही. १०८ रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात आहे आणि तिने अनेकांचे जीव वाचवलेत. तरी ती कधी पोहोचेल याची खात्री नसली की माणूस दारात चाकं ठेवतो. ही गाडी श्रीमंतीतून आलेली नसते. ती धास्तीतून आलेली असते.

आणि एसटी. एक जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. पुढच्या काही दशकांत गाव तिथे एसटी हे वाक्य महाराष्ट्राने बऱ्यापैकी खरं करून दाखवलं. पण २०२१-२२ च्या पाच महिन्यांहून लांबलेल्या संपाने प्रवाशांना इतर वाटा शोधायला लावल्या. करोनाआधी अठरा हजारांच्या घरात असलेला गाड्यांचा ताफा नंतर बराच खाली आला. जानेवारी २०२५ मध्ये भाडं जवळपास १५ टक्क्यांनी वाढलं. दुसऱ्या बाजूला ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट मिळाल्यावर एसटीत पुन्हा गर्दी झाली. याचा अर्थ स्पष्ट आहे: लोकांना एसटी नको झालेली नाही. एसटी वेळेवर हवी आहे.

गाडी घराची की एका माणसाची?

सर्वेक्षणात लिहिलं जातं, ‘या घरात कार आहे’. पण घरात किती जणांना ती चालवता येते? आपल्याकडच्या बहुतेक घरांत किल्ली एका पुरुषाच्या खिशात असते. तो गाडी घेऊन सोलापूरला गेला, की त्या दिवशी घरात गाडी नसते. आई बँकेत जायला आणि मुलगी कॉलेजला जायला पुन्हा स्टँडवरच उभी असते. म्हणून दारात गाडी आली तरी त्या घराची एसटीची गरज संपत नाही.

ब्रिटनने इथे एक मोठी चूक केली. गाड्या वाढताहेत असं दिसल्यावर १९६३ च्या बीचिंग अहवालाने दोन हजारांहून जास्त रेल्वेस्थानकं बंद करण्याची शिफारस केली. तेव्हा निम्म्याहून जास्त घरांकडे गाडी नव्हती. ज्यांच्याकडे नव्हती, ते गावातच अडकले आणि पुढे ज्यांना परवडत नव्हती, त्यांनाही गाडी घ्यावी लागली. आपल्याकडे तर शंभरातल्या एक्क्याण्णव घरांकडे गाडी नाही. चौपदरी रस्ता झाला, आता एसटीची काय गरज, असं म्हणण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही.

आता काय व्हायला हवं?

२०२७ च्या जनगणनेचा घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ दरम्यान ठरलेला आहे. त्यात कार, जीप, व्हॅनचा प्रश्न आहे. पंधरा वर्षांनी पहिल्यांदा प्रत्येक घराचं उत्तर मिळेल. तिथे खरं सांगा. जनगणनेची वैयक्तिक माहिती कायद्याने गोपनीय असते, ती योजनेतून नाव कापायला वापरता येत नाही. पण उत्तर ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच असेल. किती जुनी, किती हप्ते बाकी, कोण चालवतं, हे त्यात येणार नाही. तो आकडा आला की ‘गावं श्रीमंत झाली’ अशा मथळ्यांची रांग लागेल. तेव्हा हा लेख आठवा.

माझ्या मते तीन गोष्टी लगेच करता येण्यासारख्या आहेत. योजनांसाठी चारचाकीची एकच, सर्वांना लागू अशी व्याख्या करावी आणि त्यात गाडीचं वय, किंमत आणि वापर धरावा. शेतकऱ्यांच्या वाहनकर्जाला हंगामी हप्त्याचा पर्याय द्यावा. आणि वेळापूर-अकलूज, वेळापूर-पंढरपूर, वेळापूर-सांगोला अशा तालुक्याला जोडणाऱ्या फेऱ्यांवर एसटीने वेळापत्रक पाळून दाखवावं. लांब पल्ल्याच्या चकचकीत गाड्यांआधी हे व्हावं.

गाडी घेऊच नका, असं मी म्हणणार नाही. ज्या पिढीने वडापच्या टपावर बसून परीक्षेला जायचा प्रवास केला, तिने आई-वडिलांना पुढच्या सीटवर बसवून पंढरपूरला न्यावं, यात वाईट काहीच नाही. फक्त घेण्याआधी महिन्याचे किलोमीटर मोजा, हप्त्याची तारीख उसाच्या बिलाशी ताडून पाहा आणि गाडी कुणाच्या नावावर होतेय, याचा योजनेवर काय परिणाम होईल हे विचारून घ्या.

आणि शेजाऱ्याच्या दारात गाडी दिसली म्हणून त्याला श्रीमंत ठरवू नका. तिचे किती हप्ते बाकी आहेत, हे बाहेरून दिसत नाही.